जुन्या वळणाचे शुभेच्छापत्र: शिक्के आणि शाईचे थर यांतून कार्ड घडवण्याची पहिली वाट

जुने शुभेच्छापत्र ओळखण्यासाठी त्यावरची तारीख पाहावी लागत नाही. त्याचे रंग एकावर एक चढलेले दिसतात, रंगाची कड आणि रेषेची कड यांत कुठेतरी केसाएवढे अंतर राहिलेले असते, कागद कडांना पिवळसर आणि मध्यभागी त्या मानाने उजळ असतो, आणि सोनेरी रंग असलाच तर तो मोजक्या जागीच असतो. ही सगळी लक्षणे छपाईच्या जुन्या पद्धतीतून आणि कागदाच्या वयातून आलेली आहेत. ती कशी आली हे समजून घेऊन काम केले, तर घरच्या टेबलावर रबरी शिक्के आणि सात-आठ इंकपॅड यांच्या साहाय्याने जुन्या वळणाचे देखणे कार्ड तयार करता येते. ते न समजता कार्डभर तपकिरी शाई फासली, तर कार्ड जुने न दिसता मळके दिसते. या लेखात दिवाळीसाठी कमळाचे एक कार्ड सुरुवातीपासून पाकिटात घालेपर्यंत कसे करावे, ते सांगितले आहे. कमळाऐवजी गुलाब, जास्वंद किंवा पणती घेतली तरी क्रम हाच राहतो.

जुनी छपाई कशी होत असे

१८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळच्या शुभेच्छांचे एक चित्र काढून घेतले आणि त्याची कार्डे छापून एक शिलिंगला एक या दराने विकायला ठेवली. विक्रीसाठी छापलेले हे पहिले नाताळ कार्ड मानले जाते. त्यातील रेषा शिळाछापाने, म्हणजे दगडावरून, छापलेल्या होत्या आणि रंग हाताने भरलेले होते. पुढे रंगीत शिळाछापाचे तंत्र पक्के झाले, तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून तोच कागद एकामागून एक दगडांवर छापला जाऊ लागला. साधारणपणे फिके रंग आधी आणि गडद रंग नंतर असा त्याचा क्रम असे.

आपल्याकडे हे तंत्र घरोघरी पोहोचले ते राजा रविवर्मा यांच्या छापखान्यामुळे. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. तिथे छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती यांची चित्रे कितीतरी देवघरांत अजूनही आहेत. असे एखादे मूळ चित्र पाहायला मिळाले तर ते भिंगाखाली जरूर पाहावे. लक्ष्मीच्या पायाखालच्या कमळाची एकच पाकळी फिक्या गुलाबी, गडद गुलाबी आणि तपकिरी ठिपक्यांच्या थरांनी घडलेली दिसते. शिक्क्यांच्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, आणि तो शब्दांपेक्षा डोळ्यांनी लवकर कळतो.

या इतिहासातून आपल्याला दोन रीती मिळतात. पहिल्या रीतीत रेषा आधी छापून तिच्या आत ब्रशने रंग भरायचा, आणि दुसऱ्या रीतीत रंगांचे थर आधी छापून रेषा शेवटी चढवायची. पहिली रीत सोपी आहे. तिच्यासाठी एकच शिक्का आणि पाण्याने न पसरणारी शाई पुरते. या लेखात दुसरी रीत घेतली आहे, कारण थरांची गंमत आणि शिस्त दोन्ही तिच्यातच आहेत.

कागद

कार्डाचा पाया आणि ज्यावर छापायचे तो कागद हे दोन वेगळे ठेवावेत. नवीन माणूस घडी घातलेल्या कार्डावर थेट शिक्का मारतो आणि शेवटच्या थरात हात हलला की अख्खे कार्ड वाया जाते. वेगळ्या तुकड्यावर छापून तो तुकडा पायावर चिकटवला, तर नुकसान फक्त त्या तुकड्याचे होते. शिवाय दोन-तीन कागद एकावर एक बसल्याने कार्डाला जुन्या चौकटीची खोली येते.

पायासाठी २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन भरणारा, जाड कागद घ्यावा. ए५ आकाराचा, म्हणजे १४८ × २१० मिमीचा कागद मधोमध घडी घातला की १०५ × १४८ मिमीचे कार्ड तयार होते, आणि ते सी६ या आकाराच्या पाकिटात, म्हणजे ११४ × १६२ मिमीच्या पाकिटात नीट बसते. घडी घालण्यापूर्वी कागदाच्या धाग्यांची दिशा तपासावी. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की एका बाजूने तो सहज वाकतो. घडीची रेघ त्या दिशेने आली तर ती स्वच्छ बसते, उलट दिशेने आली तर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो.

छापण्याच्या कागदाची निवड अधिक जपून करावी. चकचकीत कागदावर शाई जिरत नाही आणि पसरते. फार खडबडीत कागदावर बारीक रेषा तुटते. गुळगुळीत पृष्ठभागाचा, ज्याला दुकानात हॉट प्रेस म्हणतात, असा ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद या कामाला सर्वांत चांगला, कारण तो शाईचे चार थर आणि वर पाण्याचे शिंतोडेही सहन करतो. रंग शुभ्र नको. बाजारातल्या अतिशुभ्र कागदांत चमक वाढवणारी द्रव्ये असतात आणि त्यामुळे कागदाला निळसर झाक येते. तिच्यावर कितीही तपकिरी शाई लावली तरी कागद नवाच वाटतो. मोतिया किंवा हस्तिदंती रंगाचा कागद घ्यावा.

हातकागदाचा मोह सगळ्यांना होतो आणि तो योग्यही आहे, पण त्याची जागा ओळखावी. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारा सुती चिंध्यांचा कागद मधल्या चौकटीसाठी अतिशय शोभतो. बारीक रेषांचा शिक्का मात्र त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर पूर्ण उमटत नाही. म्हणून हातकागद मागे आणि गुळगुळीत कागद पुढे, ही जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटते.

शाई

सगळ्या शाया दिसायला सारख्या असल्या, तरी कागदावर त्या फार वेगळ्या वागतात. नवीन माणसाचे बहुतेक पैसे चुकीची शाई घेण्यात जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते. ती कागदात जिरते, मिनिटा-दोन मिनिटांत वाळते आणि पारदर्शक असते, त्यामुळे खालचा थर वरच्या थरातून दिसतो. थरांच्या छपाईला हाच गुण लागतो. उन्हात मात्र ती फिकी पडते. पिगमेंट शाईतील रंगाचे कण कागदाच्या वर बसतात. ती उशिरा वाळते, अधिक झाकते आणि अधिक टिकते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, तिला वाळायला रात्रही कमी पडू शकते.

तिसरा प्रकार पाण्याशी खेळणाऱ्या डाय शाईचा. रेंजर या कंपनीच्या, टिम होल्ट्झ यांच्या नावाने येणाऱ्या डिस्ट्रेस इंक या मालिकेने तो प्रसिद्ध केला. ही शाई नेहमीच्या डाय शाईपेक्षा जास्त वेळ ओली राहते, त्यामुळे फोमने पसरवता येते, आणि वाळल्यावरही पाण्याचा थेंब पडला की त्या जागी फिकी होऊन पसरते. जुनाट डाग, ओल लागल्याच्या खुणा आणि कडांचा पिवळेपणा या गोष्टी तिच्यामुळे फार स्वाभाविक दिसतात. याच मालिकेतील ऑक्साइड शाईत डाय आणि पिगमेंट यांचे मिश्रण असते. पाणी लागल्यावर ती खडूसारखी पांढुरकी होते. सुरुवातीला साधी डिस्ट्रेस पुरेशी आहे.

चौथी शाई पाण्याने न पसरणारी, जिला बाजारात आर्काइव्हल म्हणतात. शेवटची गडद रेषा हिनेच छापावी, म्हणजे पुढे पाणी शिंपडले तरी ती जागची हलत नाही. या चारांखेरीज उठावाच्या छपाईसाठी पारदर्शक, चिकट शाईचा एक पॅड लागतो. त्याचा उपयोग पुढे येईल.

आपल्या कार्डासाठी फिका गुलाबी, गडद गुलाबी, फिका हिरवा, शेवाळी हिरवा, दोन-तीन मातकट रंग आणि गडद तपकिरी आर्काइव्हल एवढी शाई पुरे. डिस्ट्रेस मालिकेतच घ्यायचे तर कमळाला ‘स्पन शुगर’ आणि ‘वॉर्न लिपस्टिक’, पानाला ‘बंडल्ड सेज’ आणि ‘फॉरेस्ट मॉस’, आणि कागदाला वय देण्यासाठी ‘अँटिक लिनन’, ‘टी डाय’ आणि ‘व्हिंटेज फोटो’ हे रंग चांगले जमतात. इतर कोणत्याही कंपनीचे जवळपासचे रंग चालतील. मात्र फिका आणि गडद या दोन छटांत स्पष्ट फरक असावा, नाहीतर दोन थर एकच दिसतात.

पैसे कमी असतील तर एकाच पॅडमधून दोन छटा काढता येतात. शिक्क्याला शाई लावून तो आधी रद्दी कागदावर मारावा आणि पुन्हा शाई न लावता चांगल्या कागदावर मारावा, म्हणजे फिका ठसा मिळतो. नंतर पूर्ण शाई लावून वरचा थर मारावा. ही युक्ती काटकसरीची तर आहेच, पण दोन्ही छटा एकाच रंगाच्या असल्याने त्या एकमेकींत सुंदर मिसळतात.

शिक्के: विकतचे आणि कोरलेले

थरांसाठी बनवलेले शिक्के फोटोपॉलिमर या पारदर्शक, लवचिक प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे असतात आणि एका फुलासाठी तीन-चार तुकडे एकत्र येतात: एक भरीव आकार, एक मधल्या सावल्या, एक गडद सावल्या किंवा रेषा. ते अॅक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर चिकटवून वापरतात आणि आरपार दिसत असल्याने थर जुळवणे सोपे जाते. नवा शिक्का पहिल्या वापराआधी खोडरबरने हलकेच घासावा, कारण त्यावरच्या तेलकट थरामुळे शाई थेंबाथेंबांत गोळा होते.

गुलाबाचे असे संच सहज मिळतात. आपल्या मनासारखे कमळ मिळेलच असे नाही. त्यामुळे खोडरबरावर स्वतः कोरणे हा उत्तम मार्ग आहे. त्यासाठी मऊ, मोठे खोडरबर किंवा कोरकामाची मऊ रबरी लादी आणि लिनो कोरण्याची हत्यारे लागतात. बारीक रेषेसाठी इंग्रजी व्ही आकाराच्या टोकाचे आणि मोकळी जागा काढण्यासाठी यू आकाराच्या टोकाचे हत्यार घ्यावे. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढून तो कागद खोडरबरावर पालथा ठेवावा आणि नखाने घासावा. चित्र उलटे उतरते आणि छापल्यावर सुलटे येते. हत्याराचे टोक नेहमी दुसऱ्या हातापासून दूर जाईल असे धरावे आणि वळण आले की हत्याराऐवजी रबर फिरवावे.

तीन थरांचे तीन ठसे एकमेकांवर बसायला हवेत, यासाठी जुन्या छापखान्यांत चालणारी पद्धत वापरावी. रेषांचा ठसा सर्वांत आधी कोरावा. त्याला शाई लावून तो प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर मारावा आणि शाई ओली असतानाच तो पत्रा दुसऱ्या कोऱ्या खोडरबरावर दाबावा. आता त्या रबरावर तेच चित्र त्याच मापात उतरलेले असते. अशी दोन रबरे तयार करावीत. एका रबरावर फुलाचा बाहेरचा आकार तेवढा ठेवून आत काही न कोरता भरीव ठसा करावा, आणि दुसऱ्यावर पाकळ्यांच्या बुंध्याकडच्या सावल्या ठेवून बाकी कोरून काढावे. राजस्थानात बगरू आणि सांगानेरचे छापकाम करणारे कारागीरही कापडासाठी असेच वेगवेगळे ठसे वापरतात: रेषेच्या ठशाला ते रेख म्हणतात आणि रंग भरणाऱ्या ठशाला दत्ता.

मजकुराचा शिक्का मात्र विकत करून घ्यावा, कारण देवनागरी अक्षरांच्या वेलांट्या आणि मात्रा खोडरबरात नीट कोरणे अवघड जाते. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी कचेऱ्यांच्या आसपास रबरी शिक्के बनवणारी दुकाने असतात. तिथे ‘शुभ दीपावली’ एवढी अक्षरे संगणकावर जुळवून द्यावीत. दुकानदार बहुधा आपोआप शाई लागणारा किंवा आत शाई भरलेला शिक्का देऊ करतो. तो घेऊ नये. साध्या लाकडी मुठीचा, शाई बाहेरून लावायचा शिक्का मागावा, म्हणजे त्याला हवी ती शाई लावता येते. टंक जुन्या पुस्तकी वळणाचा निवडावा. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत मिळणारा टंक या कामाला शोभतो. अक्षरे फार लहान ठेवू नयेत, कारण ‘श’ आणि ‘भ’ यांच्या गाठी शाईने भरून जातात.

उरलेले साहित्य थोडक्यात असे: स्टीलची पट्टी, कटर, कापण्याची चटई, शाई पसरवण्याचे फोमचे तुकडे किंवा मऊ गोल ब्रश, दुहेरी चिकटपट्टी, फोमची जाड चिकटपट्टी, सोनेरी एम्बॉसिंग पावडर (तापवल्यावर वितळून उठाव देणारी) आणि हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र). मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर यातले बहुतेक सामान मिळते.

तुकडे कापणे आणि घडी घालणे

ए५ कागदाच्या लांब बाजूवर १०५ मिमीवर खूण करून घडीची रेघ पाडावी. बोन फोल्डर, म्हणजे घडीची रेघ पाडण्याचे चपटे हत्यार, नसेल तर शाई संपलेले बॉलपेन पट्टीच्या कडेने दोनदा ओढावे. रेघ पाडल्यावर मागच्या बाजूला कागद किंचित फुगतो. तो फुगवटा घडीच्या आत येईल अशी घडी घालावी. उलटी घातली तर घडीवर तडे जातात.

चौकटीसाठी हातकागदाचा १०० × १४३ मिमीचा आणि छापण्यासाठी गुळगुळीत कागदाचा ९५ × १३८ मिमीचा तुकडा कापावा. यामुळे प्रत्येक थराभोवती अडीच मिलिमीटरची पट्टी दिसते. छापायचे तुकडे एकाऐवजी चार कापावेत, कारण पहिल्या दोन ठशांत दाब आणि शाई यांचा अंदाज येतो. हातकागदाची कड कापण्याऐवजी पाण्याच्या ब्रशने रेघ ओली करून पट्टीला धरून फाडली, तर ती मऊ, तंतुमय होते. मात्र अशा वेळी माप दोन-तीन मिलिमीटर कमी धरावे.

कमळाचे तीन थर

कागदाखाली पातळ फोमची चटई ठेवावी. तिच्यामुळे दाब सगळीकडे सारखा पडतो. शिक्का शाईत बुडवल्यासारखा दाबू नये. शिक्क्याचे तोंड वर करून पॅडच त्यावर हलक्या हाताने थोपटावा, म्हणजे खाचांत शाई उतरत नाही. शिक्का सरळ खाली आणावा, तळहाताने सगळीकडे सारखा दाबावा, न हलवता तीन-चार सेकंद धरावा आणि सरळ उचलावा. ठशाच्या भोवती पुसट सावली आली तर शिक्का डोलला आहे, आणि मध्ये पांढरे डाग राहिले तर शाई किंवा दाब कमी पडला आहे असे समजावे.

पहिला थर भरीव आकाराचा, सर्वांत फिक्या गुलाबी रंगाचा. तो मारल्यावर घाई करू नये. बोटाच्या पाठीने हलकेच स्पर्श केल्यावर गारवा लागला तर कागद अजून ओला आहे. ओल्या थरावर दुसरा थर मारला की कडा विरघळतात आणि सावलीऐवजी डाग दिसतो. थरांच्या छपाईत कौशल्यापेक्षा हे थांबणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक बिघडलेली कार्डे या एकाच कारणाने बिघडलेली असतात.

दुसरा थर सावल्यांचा, गडद गुलाबी. इथे जुळवणीचा प्रश्न येतो. पारदर्शक शिक्का असेल तर वरून पाहत एका पाकळीचे टोक आणि देठाची जागा या दोन खुणा जुळवाव्यात. दोन खुणा जुळल्या की बाकीचे आपोआप बसते. खोडरबराचा ठसा आरपार दिसत नाही, म्हणून पुठ्ठ्याचा एक जाड काटकोन करावा. त्याच्या कोपऱ्यात पारदर्शक पत्रा बसवून ठसा कोपऱ्याला टेकवून आधी पत्र्यावर मारावा. पत्रा छापलेल्या कमळावर सरकवून चित्र जुळले की काटकोन पुन्हा पत्र्याच्या कोपऱ्याला लावून घट्ट धरावा, पत्रा काढून घ्यावा आणि ठसा त्याच कोपऱ्याला टेकवून कागदावर मारावा. पैसे खर्च करायची तयारी असेल तर बिजागरीच्या झाकणाचा स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म मिळतो. त्यात कागद चुंबकाने जागीच राहतो आणि कमी उमटलेला ठसा पुन्हा त्याच जागी मारता येतो.

तिसरा थर रेषांचा, गडद तपकिरी आर्काइव्हल शाईचा. काळी रेषा टाळावी. जुन्या कागदावर ती फार तीव्र दिसते. रेषा रंगाच्या कडेपासून केसभर सरकली तर दुःख मानू नये, जुन्या रंगीत छपाईत हे सर्रास दिसते. एक मिलिमीटरहून अधिक सरकली तर मात्र दुसरा तुकडा घ्यावा. कमळ झाल्यावर पाने याच क्रमाने फिक्या आणि मग शेवाळी हिरव्या रंगात छापावीत. पाने फुलाच्या मागे दिसावीत यासाठी कमळ चिकट चिठ्ठीच्या कागदावर, चिकट कडेजवळ छापून, रेषेच्या किंचित आतून कापून मूळ कमळावर बसवावे आणि पानाचा शिक्का त्यावरून निर्धास्त मारावा. चिठ्ठी रेषेच्या बाहेरून कापली तर फुलाभोवती पांढरी कड राहते. लाल आणि हिरवी शाई एकमेकींवर चढली की मातकट रंग होतो, हेही या झाकणाने टळते.

कागदाला वय देणे

कागद पिवळा पडतो तो त्यातील लिग्निन हा लाकडातला घटक आणि आम्ल यांच्यामुळे, आणि हवा व दमट वारा कडांना आधी लागत असल्याने कडा आधी पिवळ्या होतात. म्हणून वयाचा रंग बाहेरून आत यायला हवा आणि आत येता येता विरत जायला हवा.

फुलावरची चिठ्ठी तशीच ठेवून फोमवर ‘अँटिक लिनन’ किंवा तत्सम सर्वांत फिका रंग घ्यावा. फोम थेट कागदावर टेकवू नये, तिथे गोल डाग उमटतो आणि तो जात नाही. कागदाबाहेर चटईवर गोलाकार फिरवत सुरुवात करून हळूहळू कागदावर यावे. दाब अगदी कमी, फेरे जास्त. हा रंग फुलापर्यंत आणता येतो. दुसरा रंग त्याहून गडद, फक्त बाहेरच्या दोन बोटांच्या पट्ट्यात. तिसरा, ‘व्हिंटेज फोटो’सारखा, केवळ कडेवर आणि कोपऱ्यांत, त्यासाठी पॅडच कागदाच्या कडेवरून हलकेच ओढावा. चारही बाजू सारख्या गडद झाल्या तर मुद्दाम एक कोपरा फिका ठेवावा, कारण खऱ्या जुन्या कागदावर डाग सारखे नसतात.

आता बोटे पाण्यात बुडवून लांबून चार-सहा थेंब शिंपडावेत, अर्धा मिनिट थांबावे आणि टिश्यू पेपर वरून टेकवून उचलावा. पुसू नये. ज्या जागी थेंब पडले तिथे फिके, गडद कडेचे डाग राहतात. चिठ्ठी सगळे कोरडे झाल्यावरच काढावी.

ही शाई घ्यायची नसेल तर चहाचे किंवा कॉफीचे पाणी चालते: अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध न घालता, कारण साखरेवर मुंग्या येतात आणि दुधाला बुरशी लागते. कागद छपाईच्या आधी रंगवून, वाळवून, जाड पुस्तकांखाली एक रात्र दाबून सपाट करावा. चहातील आम्लधर्मी द्रव्ये वर्षानुवर्षे कागद ठिसूळ करत राहतात, म्हणून जपून ठेवण्याच्या कार्डांसाठी मी ही पद्धत सुचवणार नाही.

सोनेरी अक्षरे

मजकूर वेगळ्या पट्टीवर घ्यावा. शाई पसरवलेला कागद थोडा दमट असतो आणि सोनेरी पावडर त्याला नको तिथे चिकटते. गडद लाल किंवा गडद हिरव्या जाड कागदाची १५ मिमी रुंद पट्टी घेऊन, मलमलच्या पुरचुंडीत बांधलेली टाल्कम पावडर तिच्यावरून एकदा फिरवावी, म्हणजे सोनेरी कण अक्षरांबाहेर चिकटत नाहीत. मग पारदर्शक चिकट शाईने ‘शुभ दीपावली’ छापून लगेच त्यावर पावडर ओतावी, कागद उभा करून झटकावा आणि उरलेली पावडर डबीत परत भरावी. हीट गन आधी काही सेकंद हवेत चालवून गरम करावी आणि मग पट्टीपासून पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर धरावी. पावडर वितळली की अक्षरे एकदम चमकू लागतात. तत्क्षणी गन पुढे सरकवावी. जास्त तापवले तर चमक जाऊन अक्षरे कागदात बसतात. पट्टी चिमट्याने धरावी, बोटांनी नाही. केस वाळवण्याचे यंत्र इथे चालत नाही: त्याची उष्णता कमी पडते आणि वाऱ्याने पावडर उडते.

सोनेरी रंग एवढाच पुरे. रविवर्मा छापखान्याच्या काही चित्रांवर लोकांनी हौसेने जर आणि टिकल्या चिकटवून देवीला सजवले आहे, त्या परंपरेला मान देऊन कमळाच्या मध्यावर एखादी बारीक टिकली लावता येईल. त्याहून अधिक सजावट केली तर छापलेले थर झाकले जातात, आणि या कार्डात पाहण्याजोगे तेच आहे.

जोडणी आणि पाकीट

पाण्याचे थेंब शिंपडल्याने कागद थोडा वाकतो, म्हणून जोडण्यापूर्वी तो पुस्तकांखाली दाबावा. हातकागदाची चौकट पायावर दुहेरी चिकटपट्टीने लावावी. फेव्हिकॉल लावल्यास कागद ओला होऊन फुगतो. छापलेला तुकडाही चिकटपट्टीनेच, आणि मजकुराची पट्टी मात्र फोमच्या चिकटपट्टीवर, म्हणजे ती किंचित उचललेली दिसते. टपालाने पाठवायचे असेल तर फोमचा एकच थर ठेवावा आणि लाखेचे ठसे टाळावेत, कारण वाटेत ते फुटतात. आतल्या बाजूला साध्या हस्तिदंती कागदाचा तुकडा लावून त्यावर पिगमेंट शाईच्या पेनाने लिहावे. पाकिटावर याच शिक्क्याचा फिका ठसा डाव्या खालच्या कोपऱ्यात शोभतो. पत्ता लिहायची जागा मात्र कोरी ठेवावी.

काम संपले की शिक्के लगेच पुसावेत. डाय शाई ओल्या फडक्याने निघते; आर्काइव्हल शाईसाठी तिचा स्वतंत्र क्लीनर वापरावा आणि रेषांच्या खाचा जुन्या मऊ टूथब्रशने साफ कराव्यात. फोटोपॉलिमरचे शिक्के उन्हात ठेवू नयेत, ते पिवळे पडून कडक होतात. इंकपॅड सपाट जागी, झाकण घट्ट लावून ठेवावेत, आणि प्रत्येक रंगासाठी फोमचा वेगळा तुकडा राखून त्याच्या पाठीवर रंगाचे नाव लिहावे. सरावाचे जे तुकडे उरले, त्यांच्या मागे पेन्सिलीने शाईची नावे आणि थरांचा क्रम लिहून ते एका डबीत जपावेत. पुढच्या कार्डाचे रंग निवडताना कंपनीच्या रंगपत्रकापेक्षा हेच तुकडे अधिक खरे उत्तर देतात, कारण ते आपल्या कागदावर आणि आपल्या हाताच्या दाबाने उमटलेले असतात.